वेरूळचे शिलेदार ते प्रादेशिक सेना : राखीव फौजेच्या साहित्यपुरवठ्याच्या दृष्टीने मराठी ऐतिहासिक लेखनाची समीक्षा

प्रस्तावना :

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. तथापि या लेखनाचा फार मोठा भाग लढाया, वेढे आणि सेनानींचे पराक्रम यांनी व्यापलेला आहे. तलवार कोणी चालविली याची चर्चा त्यात सविस्तर येते. मात्र ती तलवार कोणाच्या खर्चाने आली, पावसाळ्याचे चार महिने ती कोठे राहिली आणि दसऱ्यानंतर योग्य त्या माणसाच्या हाती वेळेवर कशी पडली, या प्रश्नांना तेथे गौण स्थान मिळते. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ मध्ये मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहून या विषयाची वाट दाखविली. त्यानंतरही साहित्यपुरवठ्याचा विचार बहुधा युद्धवर्णनाच्या तळटीपेपुरताच राहिला.

प्रस्तुत लेखात सभासदाची बखर, शिवकालीन चिपळूणचे पत्र आणि रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र या तीन मराठी साधनांचे साहित्यपुरवठ्याच्या अंगाने परीक्षण केले आहे. सतत शस्त्राखाली नसलेल्या, परंतु हाक येताच सज्ज व्हाव्या लागणाऱ्या फौजेला साहित्य कसे पुरवावे, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न आहे. आजच्या परिभाषेत अशा फौजेला राखीव फौज म्हणतात. सतराव्या शतकातील शिलेदार किंवा हंगामी मावळा म्हणजे आजचा राखीव सैनिक नव्हे, हे उघड आहे. तरीही शेतीच्या दिवसांत नांगर आणि दसऱ्यानंतर तलवार धरणाऱ्या माणसाला सज्ज ठेवण्याची अडचण दोन्ही काळांत एकाच जातीची आहे. या मर्यादेतच पुढील तुलना केली आहे.

वेरूळची आख्यायिका आणि तिचा अर्थ :

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबाद तालुक्यात वसलेले वेरूळ जगाला लेण्यांमुळे माहीत आहे. मराठी माणसाला ते घृष्णेश्वराचे आणि भोसले घराण्याच्या पाटीलकीचे गाव म्हणूनही परिचित आहे. बाबाजी भोसले यांचे पुत्र मालोजी व विठोजी निजामशाहीच्या चाकरीत शिरले. मालोजीराजांनी घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. भोसल्यांच्या गढीचे अवशेष वेरूळ येथे आजही दाखविले जातात.

मालोजींच्या उदयाविषयी बखरींतून एक आख्यायिका येते. देवीच्या कृपेने मालोजींना वेरूळच्या परिसरात भूमिगत द्रव्य सापडले, ते त्यांनी चांभारगोंदे (आजचे श्रीगोंदे) येथील शेषो नाईक पुंडे या सावकाराकडे ठेवले आणि त्यातून घोडी खरेदी करून पथक उभे केले, असा तिचा सारांश आहे. इतिहासकारांनी ही कथा घराण्याच्या उत्कर्षाला दैवी अधिष्ठान देणारी म्हणून बाजूला ठेवली, आणि घटना म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही हे योग्यच आहे. परंतु ही कथा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे पाहणे समीक्षेच्या दृष्टीने उपयुक्त ठरते. एका पाटलाच्या मुलाने पथकाचे घोडे, खोगीर, हत्यार आणि दाणावैरण कोठून आणली, हाच तो प्रश्न होय. शिलेदारी पद्धतीत घोडा व हत्यार शिलेदाराचे असे, तर दरबार चाकरीबद्दल मोबदला देई. अर्थात चाकरीत शिरण्यापूर्वीच भांडवल हाती असावे लागे. ते कोठून आले हे सांगता न आल्यामुळे परंपरेने तेथे गुप्तधन आणि सावकार अशा दोघांची योजना केली. आख्यायिकेतील धन काल्पनिक मानले तरी सावकार काल्पनिक वाटत नाही. शिलेदाराच्या सज्जतेमागे कोणाची तरी पत उभी असे, ही वस्तुस्थिती कथेच्या आड शिल्लक राहते.

वेरूळपासून जवळच असलेला देवगिरी-दौलताबादचा किल्ला या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. इ.स. १६३३ मध्ये महाबतखानाने या किल्ल्याला वेढा घातला. तत्पूर्वी १६३० ते १६३२ या काळात दख्खन भीषण दुष्काळाने होरपळून निघाले होते. किल्ल्यात धान्य पोहोचविण्याचे आदिलशाही फौजेचे प्रयत्न सफल झाले नाहीत. त्या वेळी शहाजीराजे आदिलशाहीच्या बाजूने या मोहिमेत होते. अखेर मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान याने जूनमध्ये किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. कातीव कडा, खंदक आणि अंधारी वाट यांमुळे अभेद्य मानला गेलेला हा किल्ला मुख्यतः उपासमारीने पडला. संकट दारी आल्यावर रसद नेता येत नाही, ती आधीच आत असावी लागते, हा या घटनेचा बोध आहे. पुढे स्वराज्याच्या दुर्गव्यवस्थेत कोठारांना जे महत्त्व आले, त्याची पार्श्वभूमी म्हणून या प्रसंगाकडे पाहता येते.

सभासदाची बखर : पागा आणि शिलेदार

कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे बखर लिहिली. तिची रचना सामान्यतः १६९७ मधील मानली जाते. फौजेच्या रचनेविषयी ती जी माहिती देते तिच्यातून एक निश्चित धोरण दिसते. पागेतील बारगिराला घोडा व साहित्य सरकारातून मिळे, तर शिलेदार आपले स्वतःचे आणी. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांचा एक जुमला अशी उतरंड होती. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे पाण्यासाठी एक पखाल आणि नाल ठोकण्यासाठी एक नालबंद नेमलेला असे.

या शेवटच्या तपशिलाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पखाल आणि नालबंद हे लष्कराच्या मुख्य तळावर न ठेवता सर्वांत लहान तुकडीला जोडलेले आहेत. घोड्याचा नाल निखळला तर त्यासाठी अर्ज वर जाण्याची आणि वस्तू खाली येण्याची वाट पाहावी लागत नाही. वारंवार लागणारी सेवा वापरणाऱ्याजवळ आणि क्वचित लागणारे साहित्य मध्यवर्ती कोठारात, हे वितरणाचे तत्त्व येथे कोणत्याही सैद्धांतिक मांडणीशिवाय अमलात आलेले दिसते.

बखरीतील दुसरा महत्त्वाचा भाग छावणीचा आहे. पावसाळ्यात लष्कराने स्वदेशी यावे, तेथे दाणा, वैरण, औषधे व निवाऱ्याची सोय अगोदरच केलेली असावी, दसऱ्यानंतर फौजेने मुलूखगिरीस निघावे, निघताना प्रत्येकाजवळील वस्तूंची यादी करावी आणि परतल्यावर झाडती घेऊन ती यादी ताडावी, अशी ही पद्धत होती. इतिहासकारांनी या झाडतीचा अर्थ बहुधा लुटीच्या हिशेबापुरता घेतला आहे. वस्तुतः जाताना व येताना केलेली मोजदाद ही साहित्याच्या स्थितीचीही नोंद ठरते. काय हरवले, काय मोडले आणि पुढील हंगामापूर्वी काय भरून काढावयाचे, हे तिच्यावाचून कळणे शक्य नाही.

सभासदाने महाराजांच्या अखेरच्या काळातील फौजेचे आकडे पागा ४५,००० आणि शिलेदार ६०,००० असे दिले आहेत. बखरीतील आकडे शब्दशः घेऊ नयेत. तथापि पागेचे बळ वाढविण्याचा आग्रह असूनही शिलेदार संख्येने अधिक राहिले, हे प्रमाण बोलके आहे. सर्व फौजेला सरकारी साहित्य देणे कोणत्याही तत्कालीन राज्याला परवडणारे नव्हते. म्हणून शिलेदारांना पागेच्या शिस्तीखाली ठेवण्याचा मार्ग स्वीकारला गेला.

सभासदाच्या लेखनाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. तो थोरल्या महाराजांच्या निधनानंतर सुमारे सतरा वर्षांनी, मोगलांनी वेढलेल्या जिंजीत बसून लिहीत आहे. टंचाईच्या दिवसांत आठवलेला सुव्यवस्थेचा काळ थोडा अधिक नीटनेटका दिसणे स्वाभाविक आहे. त्याने सांगितलेला नियम प्रत्येक छावणीत पाळला गेला असेल असे गृहीत धरता येत नाही.

चिपळूणचे पत्र : नियम मोडण्याची भीती

ही उणीव शिवाजी महाराजांचे चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र भरून काढते. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातील हे पत्र रयतेविषयीच्या कळवळ्याचे उदाहरण म्हणून नेहमी उद्धृत केले जाते. तो कळवळा खराच आहे. परंतु पत्राचा सांगाडा संपूर्णपणे पुरवठ्याचा आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच बेहिशेबी उधळली तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, ही त्यातील कार्यकारणाची पहिली साखळी आहे. साठा संपला की शिपाई कुणब्यांच्या घरी हात घालतील आणि मग लोकांना मोगलांपेक्षाही आपलेच लोक वाईट वाटतील, ही दुसरी. चुलीतील विस्तव, चिलमीची ठिणगी किंवा उंदराने ओढून नेलेली दिव्याची वात यांमुळे गवताच्या गंजी पेटतील आणि सारी छावणी वैरणीवाचून बसेल, ही तिसरी.

सभासद काय व्हावयास हवे ते सांगतो, तर हे पत्र काय बिघडू शकते ते सांगते. साधनमूल्याच्या दृष्टीने म्हणूनच त्याचे वजन अधिक आहे. शिवाय येथे एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. पुरवठ्यातील ढिलाईची किंमत प्रथम जनावर, नंतर रयत आणि शेवटी राज्याची पत मोजते. ढिलाई करणारा अधिकारी मात्र या यादीत कोठेच नसतो. पत्रातील कठोर स्वराचे मर्म येथे आहे. ज्याच्या हाती कोठाराची किल्ली आहे त्यालाच परिणामांचा धनी करण्याचा तो प्रयत्न आहे.

आज्ञापत्र : साठा म्हणजे जिवंत वस्तू

इ.स. १७१५ च्या सुमाराचे आज्ञापत्र हे राजनीतीवरील मराठीतील सर्वांत सुसंघटित लेखन होय. सावकार, टोपीकर, वतनदार, दुर्ग आणि आरमार अशी त्याची प्रकरणे आहेत. त्यांतील दुर्गप्रकरण पुरवठ्याच्या दृष्टीने वाचले असता अमात्यांची एक विशिष्ट दृष्टी प्रत्ययास येते. त्यांच्या लेखी साठा ही एकदा भरून कुलूप लावण्याची बाब नाही. धान्याच्या कोठाराला आग, उंदीर, किडा व वाळवी यांचा उपद्रव होणार नाही अशी बांधणी हवी. दारूखाना वस्तीपासून दूर हवा. दारू, बाण इत्यादी जिन्नस आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळवून पुन्हा बंदिस्त करावेत आणि हे काम खुद्द हवालदाराने आपल्या देखरेखीखाली करवून घ्यावे. गडाच्या परिसरात प्रसंगी उपयोगी पडतील अशी झाडे लावून वाढवावीत. यातून साठ्यालाही आयुष्य असते आणि त्याची राखण म्हणजे त्याचे नूतनीकरण, ही कल्पना स्पष्ट होते.

गडावरील अधिकारविभागणीही येथे विचारात घ्यावी लागते. हवालदार, सबनीस, सरनोबत आणि कारखानीस यांच्यात अधिकार वाटलेले असत. धान्य व सामग्रीचा हिशेब कारखानिसाकडे असल्यामुळे शस्त्र वापरणारा आणि शस्त्राचा जमाखर्च लिहिणारा एकच नसे. फितुरीला आळा हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण आहे. साठा कागदावर एक आणि कोठारात दुसरा असू नये, हे त्याचे तितकेच महत्त्वाचे दुसरे कारण होय.

आज्ञापत्राच्या मर्यादा दोन आहेत. एक, ते मुख्यत्वे स्थिर दुर्गांचा विचार करते. दूरवर चालणाऱ्या फौजेच्या रसदीची त्यात तितकी सखोल चर्चा नाही. अठराव्या शतकात मराठी फौजा उत्तरेत गेल्या तेव्हा ही उणीव जाणवली. पानिपतच्या मोहिमेत डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तुटली. दुसरी मर्यादा अशी की, सरंजाम आणि शिलेदारी यांचा विस्तार झाल्यावर साहित्य सरकारी राहिलेच नाही. ज्या वस्तूंचा सरकार मालक नाही त्यांची आठ-पंधरा दिवसांची तपासणी सरकारी हवालदार कशी करणार, या प्रश्नाचे उत्तर आज्ञापत्रात मिळत नाही.

शिलेदारीचा उत्तरार्ध :

हे उत्तर विसाव्या शतकात, तेही परक्या सत्तेच्या फौजेत मिळाले. ब्रिटिश हिंदी घोडदळाने शिलेदारी पद्धत तिच्या नावासह उचलली होती. घोडेस्वार पलटणीत शिरताना ‘असामी’ची रक्कम भरी आणि त्यातून त्याला घोडा व सामान मिळे. घोडा मेल्यास वर्गणीतून उभारलेल्या चंदा फंडातून भरपाई होई. बंदूक व दारूगोळा सरकार देत असे. मद्रासकडील तीन पलटणी वगळता पहिल्या महायुद्धापूर्वीचे सारे हिंदी घोडदळ या पद्धतीवर चाले. शांततेत ती स्वस्त आणि समाधानकारक ठरली. १९१४ नंतर मात्र घोडे आणि सामान ज्या वेगाने नष्ट होऊ लागले तो वेग पलटणीच्या फंडाला पेलवेना. युद्धोत्तर पुनर्रचनेत, १९२१ च्या सुमारास, ही पद्धत मोडीत काढण्यात आली.

येथे शिलेदारी पद्धतीचा मूळ दोष उघड होतो. ती वाईट साहित्य देते असे नाही. उलट स्वतःच्या घोड्याची निगा माणूस अधिक आस्थेने राखतो. तिचा दोष असा की, ती राज्याचे देणे सैनिकाच्या नावावर मांडते. शांततेत हे कर्ज दिसत नाही, युद्धात ते एकदम वसुलीला येते.

हा दोष इतिहासजमा झालेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने तीन लाख राखीव सैनिकांना पाचारण केले तेव्हा अनेकांना कपडे, बूट व संरक्षक साहित्य स्वखर्चाने घ्यावे लागल्याच्या तक्रारी आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलमध्ये तीन लाखांहून अधिक राखीव सैनिक बोलाविले गेले आणि नागरिकांनी वर्गण्या काढून संरक्षक जाकिटे पुरविली. अद्ययावत उद्योगधंदे असलेली राज्येही हाक देण्याची क्षमता आणि साहित्य देण्याची क्षमता यांत गल्लत करतात, हे यावरून दिसते.

वर्तमान संदर्भ :

भारतात १९४८ च्या कायद्याने प्रादेशिक सेना स्थापन झाली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तिचे उद्घाटन झाले. आपला मूळ व्यवसाय सांभाळून वर्षातील ठरावीक काळ प्रशिक्षण घेणारा नागरिक ही तिची मूळ कल्पना आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना या सेनेस पाचारण करण्याचे अधिकार दिले आणि ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणी कार्यरत करण्यास मान्यता दिली. अर्थसंकल्पात तरतूद असेल किंवा अंतर्गत बचतीतून रक्कम उपलब्ध होईल तरच पलटणी कार्यरत कराव्यात, अशी अट त्या आदेशात होती. वित्तीय शिस्त म्हणून ती समजण्यासारखी आहे. परंतु वेरूळच्या आख्यायिकेतील प्रश्न जवळजवळ चारशे वर्षांनंतरही सुटलेला नाही, हेही ती दाखवून देते.

नियमित सेनेच्या साठ्यासंबंधी नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा जुलै २०१७ मध्ये संसदेत मांडलेला अहवाल या संदर्भात पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांपेक्षा कमी होता. अपेक्षित प्रमाण ४० दिवसांचे होते. आघाडीच्या फौजेची ही स्थिती असेल तर तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या राखीव पलटणींच्या वाट्याला काय येईल, याचा अंदाज करणे अवघड नाही. या अहवालातील मोजमापाची रीत मात्र अनुकरणीय आहे. नगांची संख्या देण्याऐवजी किती दिवस पुरेल हे सांगणे म्हणजे चिपळूणच्या पत्रातील हिशेबच होय.

३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात लागलेल्या आगीत दोन अधिकाऱ्यांसह अनेकांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेचा संबंध सदोष सुरुंगांच्या साठ्याशी जोडला गेला. दारूखान्यातील जिन्नस ठरावीक मुदतीने बाहेर काढून तपासावा, हा अमात्यांचा नियम आज तांत्रिकदृष्ट्या कालबाह्य वाटला तरी त्यामागील तत्त्व किती प्राणमोलाचे आहे, याची ही वेदनादायक साक्ष आहे.

सुधारणेची दिशा :

वरील परीक्षणातून राखीव फौजेच्या साहित्यपुरवठ्याविषयी पुढील सूत्रे निघतात.

१. साहित्य माणूस जेथे जमतो तेथे असावे. गणवेश, बूट, वैयक्तिक संरक्षक साहित्य आणि नेहमी लागणारी दुरुस्तीची हत्यारे पलटणीच्या किंवा तिच्या तुकडीच्या एकत्र येण्याच्या ठिकाणी नावनिशीवार ठेवावीत. शस्त्रे व दारूगोळा सुरक्षिततेसाठी मध्यवर्ती ठेवणे अपरिहार्य असले तरी ते कोणत्या तासाला कोठे पोहोचेल हे आधी ठरलेले असावे.

२. वार्षिक प्रशिक्षणाच्या आरंभी व अखेरीस सभासदाने वर्णिलेल्या झाडतीप्रमाणे पूर्ण मोजदाद व्हावी. प्रशिक्षण हे सैनिकाप्रमाणेच वितरणव्यवस्थेचेही असावे.

३. राखीव पलटणींचा साठा नियमित पलटणींच्या साठ्याशी फिरता ठेवावा. जुने झालेले साहित्य राखीव फौजेकडे ढकलणे म्हणजे नूतनीकरण नव्हे.

४. साठा सांभाळणारा आणि हिशेब तपासणारा यांचे अधिकार भिन्न असावेत. संगणकीय नोंदींनी हे काम सुलभ होते. मात्र कोठार उघडून पाहण्याची गरज त्यामुळे संपत नाही.

५. साहित्याची यादी पलटणीच्या कामानुसार असावी. प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण पलटणी माजी सैनिकांच्या असून वृक्षारोपण हे त्यांचे काम आहे. छत्रपती संभाजीनगर परिसरातही अशा पलटणीने काम केले आहे. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण भागात रोपे, कुदळी आणि पाण्याची टाकी मृगापूर्वी न पोहोचल्यास संपूर्ण वर्ष वाया जाते. तेथे पुरवठ्याचा शत्रू पंचांगातच असतो.

६. सैनिकाने स्वखर्चाने घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद होऊन भरपाई मिळावी. अशी नोंद ही तक्रार न मानता पुरवठ्यातील खिंडार दाखविणारी खूण मानावी.

समारोप :

सभासद, चिपळूणचे पत्र आणि आज्ञापत्र ही तीन साधने एकत्र वाचली असता राखीव फौजेची परीक्षा रणांगणापूर्वीच, तिच्या विश्रांतीच्या महिन्यांत होते, हे स्पष्ट होते. सभासद त्या महिन्यांची व्यवस्था सांगतो, पत्र तिच्यातील धोका सांगते आणि आज्ञापत्र तिची निगा सांगते. मराठी इतिहासलेखनाने या तिन्हींचा गौरव केला, परंतु त्यांतील कोठार, कारखानीस आणि नालबंद यांना पराक्रमाच्या कथेत अभावानेच जागा दिली. परिणामी साहित्यपुरवठा हे कारकुनी काम आणि युद्ध हे वीराचे काम, असा समज वाचकाच्या मनात रूढ झाला. दौलताबादच्या १६३३ च्या वेढ्याने हा समज वेरूळच्या परिसरातच खोटा ठरविला होता.

वेरूळच्या गढीचे अवशेष पाहावयास येणाऱ्या अभ्यासकाला तेथे गुप्तधनाची कथा ऐकावयास मिळते. ती ऐकताना मालोजींच्या पथकातील घोड्यांचा खर्च कोणी केला, हा साधा प्रश्न विचारला जावा. प्रत्येक राखीव सैनिकाच्या संदर्भात तोच प्रश्न आजही विचारावा लागतो. त्याचे उत्तर राज्याने आपल्या जमाखर्चात शोधावे. ते सैनिकाच्या घरच्या शिलकीवर किंवा दैवावर सोडू नये.